उखळातला फुफू

चि. छकुलीस,

परवा तुझ्या सासूबाईंनी आम्हाला प्रथमच त्यांच्याकडचं, पश्चिम आफ्रिकेतलं जेवण वाढलं. मी आठवडाभर वाचून आलो होतो. फुफूचा गोळा चाचपून म्हणालो, "हा पाकिटातल्या पिठाचा. खरा फुफू कंद उकडून उखळात कांडतात. सांग त्यांना!"

तू त्यांच्या भाषेत काहीतरी बोललीस. त्या लाजल्या आणि त्यांनी माझ्या शेंगदाण्याच्या रश्श्यात आणखी एक गोळा सोडला.

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला फार आवडलं म्हणून. आता गप जेवा, बाबा."

निघताना विहीणबाईंनी माझे हात हातात घेतले. त्यांच्या तळव्यांवर कांडून आलेले ताजे फोड होते. माझी मान वर होईना.

माफी मागायला गेलो, तर तुझं खोटं उघडं पडेल. तुझी तरी मागावी म्हणून हे तिसऱ्यांदा लिहितोय. शुद्धलेखनही तपासलंय, फक्त पोस्टात टाकवत नाही.

तुझा,
दीडशहाणा बाप