आईची नक्षी उघडेना

प्रिय रितेश,

अक्षर वाकडं आहे, चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा हसू नकोस. फोन केला असता, पण मला हळू बोलता येत नाही आणि तुझी आई ऐकेल.

कलमांना यंदा मोहोर बरा आहे. तुझा बाप दिवसभर बागेत माकडं हाकलतो आणि संध्याकाळी आम्हाला.

गणपतीत आलास नि आईच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून ते लिनक्स घातलंस. आधीचं चोरीचं होतं म्हणालास, ते मला पटलं. कॉम्प्युटर पळायलाही लागला. पण मेल्या, आई त्यावर काय करते ते एकदा बघायचंस की नाही? गाणी लागतात, फोटो दिसतात, एवढं दाखवून मुंबईला गेलास. भरतकामाच्या मशीनबरोबर विकत घेतलेला तिचा नक्षी काढायचा प्रोग्राम विंडोजशिवाय उघडतच नाही. शेजारची वैष्णवी कॉलेजात कॉम्प्युटरच शिकते. तिनेही खटपट केली आणि हात टेकले.

जुने मोर नि वेली पेनड्राइव्हवर आहेत, तेवढेच मशीन भरतं. कोणी ब्लाउजवर नवरीचं नाव मागितलं की आई हाताने भरत बसते. तू फोनवर विचारतोस तेव्हा म्हणते, एकदम झकास चाललंय. मी म्हटलं, पोराला सांग की. तर म्हणे, एवढ्या हौसेने करून गेलाय, त्याला वाईट वाटेल. माझ्यासारखी सासू मिळूनही तोंड वापरायला शिकली नाही.

तुझं वाईटच होतं असं मी म्हणत नाही. मी हर्ण्याहून पावसला नांदायला आले, तेव्हा सासूने माझी माहेरची विळी माळ्यावर टाकून नवी दिली. चांगली होती, धारदार होती. माझा हात तिच्यावर बसायला दोन पावसाळे गेले, आणि तोवर माशाबरोबर बोटंही कापली. वैष्णवी म्हणते, दोन्ही एका कॉम्प्युटरात नांदतात. मग विकतचं विंडोज आण आणि तुझं लिनक्सही राहू दे. कोणाला हाकलायला नको.

आता हे आजच का लिहिते, तर परवा आईने गिऱ्हाइकांना सांगितलं, डोळे साथ देत नाहीत, काम बंद करते. डोळ्यांना काही झालेलं नाही, तांदळातला खडा तिला अजून लांबून दिसतो. मशीन विकायला काढलंय. शिमगा झाला की माणूस न्यायला येणार. तुझ्या लिनक्सने तिचं काम अडलं हे तुला कळू नये म्हणून एवढं सगळं. तेव्हा शिमग्याची पालखी घरी यायच्या आधी ये. मी लिहिलं हे बोलू नकोस. तिच्या शेजारी बस आणि म्हण, आई, तू नक्षी कशी काढतेस ते मला दाखव.

तुझीच,
उरलेल्या शिव्या समोर बसवून देणारी
आजी