गालाला लावून पाहिलेला माल

प्रिय ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात).

तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त अब्रूला जरा मार लागलाय. कसा, ते सांगतो. चहा घेऊन बस, लांबण लागणार आहे.

आपल्या कारखान्यात अजून सगळं तसंच चालतं. घोड्याचे केस गोण्यांतून येतात, धुऊन-विंचरून होतात, आणि आतल्या ब्रश बांधणाऱ्यांकडे जाण्याआधी प्रत्येक जुडी माझ्या टेबलावर येते. पणजोबांपासूनचा नियम, घरच्या माणसानं गालाला लावून ‘हं’ म्हटल्याशिवाय जुडी बांधायची नाही. शेपटीचा केस टोचतो, आयाळीचा लोळतो (असं बाबा म्हणायचे). त्या एका ‘हं’साठी मी चाळीस वर्षं रोज सकाळी घोटून दाढी करतोय. सूनबाई म्हणते, एक केस काडीवर जाळून बघितला की खरा की नकली ते कळतं, काम झालं. मी तिला सुनावलं, आपल्या घराण्यात गाल असताना काडी लागत नाही. (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

परवा गिरणीचे साहेब आले. यंत्रांच्या रुळांवरची धूळ झाडायला ब्रश घेणारं आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेलं तर बावीस माणसं घरी बसतील. मी ऐटीत खुर्चीत बसलो. सूनबाईनं नमुना म्हणून मागवलेली नायलॉनची काळी जुडी टेबलाच्या कडेला पडली होती. मी नेमकी तीच उचलली. डोळे मिटले, गालाला लावली, आणि म्हणालो की असं शेपूट वीस वर्षांत आलं नाही, घोडा नक्की डोंगराळ भागातला आणि खाऊनपिऊन सुखी. साहेबांनी शांतपणे खिशातून लायटर काढला. माझा सुखी घोडा वितळून टेबलावर टपकला.

कुणी हसलं नाही, ताई. हसले असते तर बरं वाटलं असतं. सूनबाईनं खिडकी उघडली, बस्स. साहेब जाताना एवढंच म्हणाले, “सोमवारी परत येतो. पारख असलेलं माणूस बसवा, नाहीतर मी नायलॉनच घेतो.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी उघडली आणि आत नायलॉन निघालं. तेव्हापासून संध्याकाळी सगळे गेले की मी त्या खुर्चीकडे बघत बसतो. बाबा तिच्यात बसायचे तेव्हा ती केवढी मोठी वाटायची. मलाही ती कधी नीट बसली नाही, पण सांगणार कुणाला?

असो. भावजींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता.क. वयामुळे गाल बधिर झाला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. साफ खोटं. गाल ठीक आहे, त्याला मुळात कधीच काही कळलं नाही. बाबांनी माझी परीक्षा घेतली तेव्हा जुड्या पुढे करायचं काम तुझं होतं. तुझ्या बोटांना आधीच कळायचं, आणि तू टेबलाखालून माझा पाय दाबायचीस, शेपटीला एकदा, आयाळीला दोनदा. बाबा म्हणाले, “हा खरा घराण्याचा गाल,” आणि तुला चहा टाकायला आत पाठवलं. मी तेव्हा गप्प बसलो. तू सासरी गेल्यावर धुलाईवाले मामा माल वाईट असला की दाराशी खोकायचे. गेल्या महिन्यात मामा निवृत्त झाले.

आणखी एक ता.क. रविवारच्या गाडीचं तिकीट सोबत ठेवलंय. खुर्चीला तुझ्या कमरेसाठी उशी केलीय, आपल्याच केसांची. मी समोर बसून जुड्या पुढे करीन. या वेळी पाय दाबू नकोस ताई, मोठ्यानं बोल.