मसणवटीले नमस्कार

बाबू प्रफुल्ल,

मी तुही माय. आठवते ना, का तेही सासरवाडीले विचारून सांगशील? मी बोलून राहिली, तुही भाची रक्षा लिहून राहिली.

तू सासू-सासऱ्याले धरणावर नावेत फिरवलं, तो व्हिडिओ रक्षानं मले दाखवला. पाण्याबाहेर आलेलं वाळकं झाड दाखवून तू म्हणते, "हे आमच्या अंगणातलं. याच्याच खाली आमचं घर." तुह्या सासूनं भक्तीनं हात जोडले. अरे भल्या माणसा, ते मसणवटीतलं मोहाचं झाड होय! तुह्या आज्याले तिथंच जाळलं.

पहिले मले हसू आलं, मंग अंगाची आग झाली. धरणानं गाव पाण्यात बुडवलं, तू कोरड्या तोंडानं बुडवलं. आम्हाले इथं मुरमावर आणून टाकलं. ना धानाची बांधी, ना पाण्याची बोडी, घराले नुसता प्लॉटचा नंबर. तरी नवा भात पहिले मातामायले, मंग घरात. तिचं देऊळ पाण्याखाली कुठं आहे, ते मले ठाऊक, म्हणून दरसाल काठावरून नेमका तिकडंच निवद सोडतो आम्ही. मी मेल्यावर तू मसणवटीलेच निवद दाखवशील ना?

रक्षा विचारते, "आजी, मामाले पाठवू का?" म्हटलं, राग निवू दे. गाव सुटलं तवाचाच अजून निवला नाही.

सासऱ्याच्या करडी गावच्या बांधीतलं यंदाचं नवं धान पायलीभर पाठव. मिलचे तांदूळ नको, मी घरीच कांडीन. अन् मातामायचा निवद होईपर्यंत तुम्ही कोणी नवं शिजवू नका.

तुही माय,
सत्यवती