मामांचा बंगला आणि मी

३ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रिस्टोरेशन. मामा नदीकाठचा बंगला ताईच्या आणि माझ्या नावे ठेवून गेले. ताईला विकायचाय. घेणारा पाडून गोदाम बांधणार. मी ताईला ठणकावून सांगितलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे होणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे, मार्चअखेरपर्यंत राहण्यासारखा करून दाखव. मला दीड महिना पुरे. शिवाय बंगल्याचा साद्यंत इतिहास लिहिणार. रोज पहाटे पाचला उठणार.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
उठलो.

१२ जानेवारी
गवंड्याशी पहिली मीटिंग. माणूस कामाचा, पण व्हिजन नाही. म्हणतो, आधी छप्पर. मी म्हटलं, आधी मूळ रूप. दिवाणखान्याच्या दाराचा मूळ रंग शोधायला बसलो. थरावर थर खरवडतोय. हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, चॉकलेटी.

१६ जानेवारी
मूळ रंग सापडला. बदामी. ही म्हणाली, अहो, ते लाकूड आहे. दाराला आता बोट जाईल एवढं भोक पडलंय. व्हेंटिलेशन उत्तम.

९ फेब्रुवारी
लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं : जुन्या वास्तूतली नंतरची भर काढून टाकावी. नदीकडच्या व्हरांड्यात सगळे खांब लाकडी, कोरीव, नाजूक. मधोमध एकच बोजड, विटांचा. लग्नाच्या ग्रुप फोटोत घुसलेल्या वॉचमनसारखा. गवंडी म्हणाला, साहेब, त्याला हात लावू नका, तो उभा आहे म्हणून बाकीचं उभं आहे. मला तत्त्वज्ञान शिकवतो! कामावरून कमी केला.

१४ फेब्रुवारी
स्वतः कामाला लागलो. सहा विटा निघाल्या. कंबर गेली.

१७ फेब्रुवारी
खांब गेला! व्हरांडा तसूभरही हलला नाही. गवंड्याला मुद्दाम फोन करून कळवलं. तो म्हणाला, त्याच्याखाली बसू नका. जळतात लोक.

२० फेब्रुवारी
व्हरांड्याच्या छताला सुरेख बाक आलाय. ही हल्ली अंगणात चहा पिते. वारसा समितीला पत्र धाडलं : 'एका राजघराण्याचं विश्रांतिस्थान.' राजघराणं शोधायचंय. पण पत्र आधी गेलेलं बरं.

५ मार्च, दुपारी ३
व्हरांडा पडला.
कोणाला लागलं नाही. मी नदीपाशी होतो, समितीसाठी फोटोचा अँगल शोधत. आवाज ऐकून धावत आलो, तर ही ढिगाऱ्यात वासे उपसत होती. मला शोधत होती. मी मागून हाक मारली. तिने वळून पाहिलं आणि मटकन खाली बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

८ मार्च
समितीच्या बाई आल्या. सगळ्या खोल्या नीट पाहिल्या. म्हणाल्या, घर तसं साधंच. जपण्यासारखा एकच भाग, नदीकडचा व्हरांडा. तो कुठे आहे? मी ढिगाऱ्याकडे हात केला. म्हटलं, मटेरियल सगळं ओरिजिनल आहे. बाई चहा न घेताच गेल्या.

३० मार्च
ताई आली. मला वाटलं, विक्रीचे कागद. पण ती आणि ही नदीच्या पायरीवर दोन तास बोलत बसल्या. मला बोलावलं नाही. मग निकाल कळला. घर विकायचं नाही. ही गवंड्याला घेऊन दुरुस्त करणार. कोरीव खांब हिने पुसून, नंबर घालून केव्हाच शेडमध्ये ठेवलेत. मी घरातच होतो, मला पत्ता नाही! गवंड्याची अट एकच : साहेब कामावर नकोत. ताई म्हणाली, मान्य. ही म्हणाली, मान्य. मी शहरातल्या फ्लॅटवर राहून इतिहास लिहायचा. म्हणजे प्रमोशनच.

६ एप्रिल, सकाळी ११
फ्लॅट. इतिहास, प्रकरण पहिलं : बांधकाम. कोणी केलं? कधी? समितीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या गवंड्याला विचारा. अपमान गिळून त्याला फोन लावला. तो म्हणाला, माझ्या आजोबांनीच बांधलंय साहेब, सगळं तोंडपाठ आहे. महिनाभर रोज तुमच्यासमोर होतो, विचारलं का नाही?
मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.
साल विचारायचं राहिलंच.