दहा हजार एकला भाग गेला

कर्जत, मंगळवार, ४ फेब्रुवारी १९४७

दहा हजार एकला भाग जातो! त्र्याहत्तरने. बरोबर एकशे सदतीस वेळा, बाकी शून्य.

माहेरी दिवेलागणीला परवचा झाला की अण्णा छातीठोक सांगायचे, "दहा हजार एकला कशानेच भाग जात नाही." का, तर तिसापर्यंतचे सगळे पाढे लावून पाहिलेले! पाढे तिसाला संपले म्हणून आकडेही संपले होय? मी वाद घातला की म्हणायचे, "मग दाखव भागून."

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "बरं. कणीक मळलीस का?"

अण्णांना जाऊन वर्ष होईल. एकदा केलेलं त्यांना कधी पटायचंच नाही. म्हणून चुलीपुढे कोळशाने मांडलेला भागाकार पुसून पुन्हा मांडला. पुन्हा तेच आलं.

हरलात, अण्णा. आता काहीतरी बोला ना.