वहिनीची गाठ आणि निळे ठिपके

ता. १३ फेब्रुवारी १९४९, मुंबई
परत तेच. दादाचं कार्ड आलं, शाळेच्या गुरुजींकडून लिहवलेलं, गाठ कापली की पसरते म्हणे. आमच्या गावात, कडावात, कुणी बघितलंय पसरताना? वहिनीच्या छातीत सुपारीएवढी गाठ, आणि शिमगा झाला की दादा बिब्ब्याचा चटका देणार. इस्पितळात तपासणीच्या काचा धुतो मी, अशा गाठी रोज येतात इथं. पण धाकट्या भावाला काय कळतंय.

ता. १५
आज काय बघितलं! डॉक्टरांनी हाक मारली, "नुसत्या काचा धुतोस, आत काय असतं बघितलंस का रे?" बारीक बघायच्या दुर्बिणीला डोळा लावला. एका बाईच्या छातीची गाठ, लहान असतानाच काढलेली. सगळं गुलाबी, त्यात गाठीच्या वेड्यावाकड्या पेशी. आणि त्यांच्याभोवती, मधेसुद्धा, बारीक निळे ठिपके. दाटी नुसती. हे कोण विचारलं. म्हणाले, पांढऱ्या पेशी, अंगातलीच माणसं, गाठीशी भांडायला आत शिरलीत. जिच्या गाठीत ही जास्त, ती बाई पुष्कळदा जास्त टिकते असं त्यांना वाटतं. का ते ठाऊक नाय. खात्रीही नाय.
मला तर डोंगराला वणवा लागल्यावर हिरवे डहाळे घेऊन झोडायला धावणारी आपली वाडीच दिसली. जेवण सुचलं नाय. दादाला चार पानं लिहिली.

ता. २३
घात झाला. दादा लिहितो, "अंगातलीच माणसं भांडतात हे तूच सांगतोस. मग कापायचं कशाला?" माझीच काठी माझ्या पाठीत. डॉक्टरांना सांगितलं. हसले. म्हणाले, ती माणसं एकटी पुरत नाहीत, लहान आहे तोवर गाठ काढायलाच हवी. आणि कातडं जाळू नका म्हणावं.

ता. २४
काचा धुताना सुचलं. वणवा झोडायला माणसं जमली म्हणून आपण पुढचं गवत कापायचं सोडतो का? ते कापतो म्हणून तर वाडी वाचते. कार्डावर एवढंच लिहिलं. गुरुजींनी वहिनीला ऐकू जाईल असं वाचावं, हेही.

ता. ५ मार्च
गावचा गणपा आला, तांदूळ घेऊन. सांगत होता, गुरुजींनी ओटीवर कार्ड वाचलं. दादा म्हणाला, बाईमाणूस परक्या पुरुषापुढं उघडी कशी व्हईल. तर वहिनी दारात आली. चार माणसांत दादापुढं कधी न बोललेली बाई. म्हणाली, "भावजींना सांग रं, गवत कापायला मी येते. विळा तेवढा धारेचा ठेवा म्हणावं."
दादा उठून गोठ्यात गेला.
पोस्टात पळतच गेलो. वहिनी आणि सोबत येईल त्याचं मुंबईचं भाडं, वर दोघांच्या जेवणाखाणाचं. मनीऑर्डर वहिनीच्या नावानं केली, दादाच्या नाय. पैसे घेताना अंगठा तिनंच उठवायचा. रु. १५.