दोनदा विचारणं

मंगळवार, संध्याकाळ. वारजे.

अजून डोकं तापलेलंच आहे. लिफ्टच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम मी एकट्यानं लिहून दिला. दार लागलं का, हे तो सेन्सरला दोनदा विचारतो, मगच लिफ्ट हलते. कंपनीचा मॅनेजर फोनवर म्हणतो, "काका, एकदा विचारलं की पुरे. लिफ्ट लगेच सुटली पाहिजे."

सुटायला ती काय एसटी आहे? धूळ बसलेला सेन्सर पहिल्यांदा खुशाल खोटं बोलतो, आणि दारात कुणाचं तरी लेकरू असतं! आपण ताकही फुंकून पिणारी माणसं. "दुसरा माणूस बघा," म्हणून फोन ठेवला. हातचं काम गेलं. चिडायला नको होतं का? छे!

आत्ता हिनं दुसऱ्यांदा विचारलं, "अहो, दुधाखालचा गॅस बंद केलात ना?"

मघाशी "हो" म्हणालो होतो. तरी उठून पाहिलं.

चालूच होता.